तुरा आणि थैली

वाचकहो, कोंबडा विकत घ्यायला गेलो की आपण आधी काय पाहतो? तुरा पाहतो. तुरा लाल, ताठ आणि टवटवीत असला की कोंबडा निरोगी, असे आपण धरून चालतो. तुरा फिका किंवा काळपट असला की हात मागे घेतो. हे मला माझ्या आईने शिकवले आणि तिला तिच्या आईने. यात खोटे काही नाही. पण तुऱ्याकडे पाहता पाहता पक्ष्याच्या दुसऱ्या टोकाला काय चालले आहे हे मी कित्येक वर्षे पाहिलेच नाही. त्याची किंमत मी मोजली, आणि माझ्याबरोबर माझ्या लेकीनेही मोजली. ती हकिगत आज तुम्हांला सांगायची आहे.

माझे माहेर आंबेगाव तालुक्यात, घोडेगावच्या वरच्या अंगाला. सासर जुन्नर तालुक्यात, ओतूरच्या बाजूला. माहेरी भात आणि नाचणी, तर सासरी कांदा, टोमॅटो आणि कालव्याचे पाणी आल्यापासून ऊस. पिके वेगळी असली तरी कोंबड्या दोन्ही घरच्या अंगणात होत्या. आई खुडूक कोंबडीखाली मोजून अंडी ठेवायची. पिल्ले निघाली की आठ दिवस डालग्याखाली, मग घारीवर एक डोळा ठेवून अंगणात. त्या कोंबड्यांना लस कधी कोणी दिली नाही. वर्षा-दोन वर्षांनी उन्हाळ्याच्या तोंडाला मानमोडी यायची आणि खुराडे रिकामे व्हायचे. आई म्हणायची, "कोंबडीचं धन दारातलं, आलं तसं गेलं." मग कोणाकडून तरी चार तलंगा आणून पुन्हा सुरुवात. त्यावर कोणाचे पोट नव्हते, म्हणून ते चालून गेले.

माझे तसे नव्हते. १९९४ साली आम्ही सोसायटीचे कर्ज काढून घरामागे छोटी शेड बांधली आणि पुण्याकडून अंड्यांच्या जातीची ३०० पिल्ले आणली, सगळ्या माद्या. थोरली लेक त्या वर्षी बारावी झाली होती. तिला परिचारिकेच्या शिक्षणाला पाठवायचे होते आणि वसतिगृहाचे पैसे अंड्यांतून काढायचे, असा हिशेब मी वहीवर मांडला होता. यांनी तो वाचून नुसती मान हलवली. म्हणाले, "कोंबड्या तू बघायच्या, मी वावर बघतो." मीही हौसेने पदर खोचला.

पहिले दोन आठवडे मी त्या पिल्लांना पोटच्या पोरांसारखे सांभाळले. खाली भाताच्या तुसाची गादी, वर दिवा, चारी बाजूंनी पत्र्याचे कोंडाळे. रात्री दोनदा उठून पिल्ले दिव्याखाली गोळा झाली आहेत की दूर पळाली आहेत ते बघायचे. गोळा झाली तर गारठा, दूर गेली तर उष्मा. सहाव्या दिवशी मानमोडीच्या लसीचा थेंब डोळ्यांत घातला. चौदाव्या दिवशी गंबोरोची लस द्यायची, असे पिल्लांबरोबर आलेल्या कागदावर लिहिले होते.

नेमक्या त्याच दिवसांत माहेरी भाच्याचे लग्न निघाले. हळद, लग्न, सत्यनारायण. थोरली आत्या म्हणून मला सोडीनात. लस आणायची म्हणजे नारायणगावला जायचे, थर्मासात बर्फ घालून आणायची, आणि बाटली फोडली की दोन तासांच्या आत संपवायची. घरी त्यातले करणारे दुसरे कोणी नव्हते. मी म्हटले, आल्यावर देऊ, चार दिवसांनी काय आभाळ कोसळते? चौदाव्याची लस मी एकोणिसाव्या दिवशी दिली. त्या दिवशी पिल्ले उड्या मारत होती, दाणे टिपत होती. त्यामुळे मनात काही शंकाही आली नाही.

चोविसाव्या दिवशी सकाळी शेडमध्ये गेले तर दहा-बारा पिल्ले कोपऱ्यात पिसे फुलवून, डोळे मिटून बसलेली. खाली चुन्यासारखी पांढरी पातळ विष्ठा. काही पिल्ले स्वतःच्याच शेपटीखाली चोची मारत होती. दुसऱ्या दिवशी नऊ मेली, तिसऱ्या दिवशी सत्तावीस. सहा दिवसांत चौऱ्याऐंशी पिल्ले मी उसाच्या बांधाला खड्डा करून पुरली. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांच्या न बोलण्याचा मला जास्त त्रास झाला.

तिसऱ्या दिवशी तालुक्याचे पशुवैद्य आले. लिंबाखाली पोते अंथरले आणि मेलेले पिल्लू उताणे ठेवून पाते चालवले. मांडीच्या मांसावर रक्ताचे ठिपके दिसत होते. मग त्यांनी शेपटीखालचा, विष्ठेच्या वाटेच्या पाठीमागचा भाग उघडला आणि चिमट्याने एक गोळा वर काढला. सुजलेला, वरून पिवळट चिकट थर, आत रक्ताच्या रेघा. म्हणाले, "वहिनी, ही बघा थैली. एरवी या वयात हरभऱ्याच्या घाट्याएवढी, पांढरीशुभ्र असते. रोग हिच्यावरच बसतो."

मी विचारले, "मोठ्या कोंबड्यांना का होत नाही मग? अंगणातला कोंबडा तर यांच्या शेजारीच फिरतोय."

त्या सकाळीच पाहुण्यांसाठी एक दोन वर्षांचा गावरान कोंबडा कापला होता. त्याची आतडी उकिरड्यावर पडली होती. डॉक्टरांनी ती आणायला सांगितली, मागचा भाग धुतला आणि बोट ठेवून दाखवले. तिथे थैली नव्हतीच. आतड्याला एक बारीक सुरकुती होती, इतकेच. "याची होती," ते म्हणाले, "लहानपणी होती. तुरा आला तेव्हा आटली."

वाचकहो, आई मेली तोवर तिने शेकडो कोंबड्या साफ केल्या असतील, मीही केल्या आहेत. ही थैली आमच्या हातांखालून किती वेळा गेली असेल. पण आतडी म्हणून ती नेहमी कुत्र्यापुढे टाकली.

त्या थैलीची गोष्ट पुढे मी डॉक्टरांकडून आणि लेकीने आणून दिलेल्या पुस्तकांतून तुकड्या-तुकड्याने गोळा केली. ती तुम्हांलाही सांगते, कारण ती आपल्या खुराड्याचीच गोष्ट आहे.

चारशे वर्षांपूर्वी इटलीत पदुआ गावी फॅब्रिशियस नावाचे मोठे शरीरशास्त्रज्ञ होऊन गेले. शरीरात रक्त कसे फिरते हे दाखवणारे विल्यम हार्वे हे त्यांचेच शिष्य. फॅब्रिशियसना कोंबडीत ही थैली दिसली. त्यांचे लिखाण त्यांच्या मृत्यूनंतर १६२१ साली छापले गेले, आणि थैलीला आजही त्यांचेच नाव आहे. त्यांना वाटले, कोंबड्याचे बीज साठवण्यासाठी ही जागा असावी. हा तर्क चुकीचा निघाला, कारण थैली नरातही असते आणि मादीतही. पण नर-मादीपणाशी तिचा काही संबंध आहे, एवढा भाग मात्र वेगळ्याच अर्थाने खरा ठरला.

त्यानंतर सव्वातीनशे वर्षे ही थैली कशासाठी आहे हे कोणाला नीट सांगता आले नाही. अमेरिकेत ओहायोच्या विद्यापीठात ब्रूस ग्लिक नावाचा विद्यार्थी होता. गुरुजी हंस फाडून दाखवत असताना त्याने ही थैली पाहिली आणि हिचे काम काय, असे विचारले. उत्तर तूच शोध, असे गुरुजींनी सांगितले. त्याने कोवळ्या पिल्लांची थैली कापून काढली. पिल्ले वाढली, खाल्ली-प्याली, कोंबड्या झाल्या. काहीच बिघडले नाही. मग त्याचा मित्र टिमथी चँग याला वर्गात एक प्रयोग दाखवायचा होता. रोगजंतूंचा अंश टोचला की कोंबडीच्या रक्तात त्या जंतूंशी लढणारी प्रतिपिंडे कशी तयार होतात, तो प्रयोग. त्याने ग्लिककडच्या कोंबड्या घेतल्या. प्रयोग फसला, कितीएक कोंबड्यांच्या रक्तात प्रतिपिंडे आलीच नाहीत. दोघांनी नोंदी काढून पाहिल्या, तर त्या सगळ्या थैली काढलेल्या कोंबड्या!

किती मोठा शोध हा! पण एका नामांकित शास्त्रीय नियतकालिकाने तो निबंध परत पाठवला. अखेर १९५६ साली तो कोंबडीपालनाच्या नियतकालिकात छापून आला, त्यामुळे माणसांच्या डॉक्टरांचे तिकडे लक्ष जायला काही वर्षे गेली. १९६५ साली मिनेसोटात मॅक्स कूपर आणि रॉबर्ट गुड यांच्या गटाने दाखवून दिले की कोंबडीत संरक्षणाच्या दोन वेगळ्या पलटणी असतात. एक मानेतल्या थायमस ग्रंथीत तयार होते, दुसरी या थैलीत. थैलीच्या इंग्रजी नावातले पहिले अक्षर घेऊन दुसरीला 'बी' पेशी म्हणू लागले. माणसाला अशी थैली नाही, आपल्या बी पेशी हाडांतल्या मगजात तयार होतात. पण इस्पितळाच्या कागदावर 'बी पेशी' असे कुठे वाचलेत, तर ते अक्षर कोंबडीकडून आले आहे हे ध्यानात असू द्या.

थैलीत काय चालते? आपल्याकडची तालीम डोळ्यांसमोर आणा. अंड्यातल्या पिल्लात पाचव्या दिवसाच्या सुमारास तालमीची जागा तयार होते. मग कोवळ्या पेशी तिथे भरती होतात. आत हजारो छोटे कप्पे असतात. तिथे त्या पेशी निरनिराळे डाव शिकतात, म्हणजे निरनिराळे शत्रू ओळखणारी प्रतिपिंडे करायला शिकतात. कसोटी इतकी कडक की बहुतेक पेशी तिथेच संपतात. थोड्याच पार होऊन बाहेर पडतात आणि पांथरीत, आतड्यांत, अंगभर जाऊन राहतात. पिल्लू आठ-दहा आठवड्यांचे होईपर्यंत तालीम वाढत असते. मग उतरणीला लागते. पक्षी वयात येईपर्यंत, म्हणजे चार ते सहा महिन्यांत, तिची सुरकुती उरते. तोवर शिकून बाहेर पडलेले पैलवानच पुढे जन्मभर पुरवायचे असतात.

आता मुख्य गोष्ट. ही तालीम बंद कोण करतो? तोच, जो तुरा उभा करतो.

तुऱ्याचे रहस्य थैलीच्या आधी उलगडले होते. १८४९ साली जर्मनीत बेर्टहोल्ट नावाच्या प्राध्यापकांनी तरण्या कोंबड्यांचे अंड काढले. त्यांचे तुरे सुकले, आरवणे आणि झुंजणे थांबले. काहींच्या पोटात अंड पुन्हा बसवले, तर तुरे परत आले. म्हणजे अंडातून काहीतरी रक्तात मिसळते आणि दूरच्या तुऱ्याला हुकूम देते. त्यालाच आज आपण हार्मोन किंवा संप्रेरक म्हणतो. नराचे मुख्य हार्मोन टेस्टोस्टेरॉन. मादीच्या बीजकोशातूनही तशीच हार्मोन येतात आणि तलंग अंड्यावर येण्याआधी तिचा तुरा लाल होतो, हे तुम्ही पाहिलेच आहे.

हेच हार्मोन शेपटीखालच्या थैलीला उलटा हुकूम देते. १९४४ साली अमेरिकेत काही रानकोंबड्यांसारख्या पक्ष्यांना, फेझंटांना, लिंग-हार्मोन टोचून पाहिले, तेव्हा थैली वेळेआधी आटू लागली. उलट अंड काढलेल्या पक्ष्यांत ती आटायला उशीर लागतो. १९५९ साली विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या मायर, राव आणि अ‍ॅस्पिनॉल या तिघांनी त्याच्याही पुढे जाऊन दाखवले. उबवणीच्या पाचव्या दिवशी अंड्यात टेस्टोस्टेरॉनच्या जवळचे एक औषध टोचले, तर पिल्लू थैलीशिवायच निपजते. पाच दिवसांच्या त्या जिवाला ना तुरा, ना आवाज. तरी हार्मोनचा हुकूम त्याच्यातल्या तालमीचे दार बांधण्याआधीच बंद करतो. शास्त्रज्ञांच्या नावांत 'राव' वाचून मला उगाच आपलेपणा वाटला होता.

निसर्गाने असे का करावे? काही शास्त्रज्ञ हे खर्चाच्या हिशेबाने सांगतात. शिक्षण महाग आहे, आणि अंडी घालणे, तुरा मिरवणे, झुंजणेही महाग आहे. दोन्ही खर्च एकदम झेपत नाहीत. म्हणून आधी शिक्षण, मग संसार. यावर अजून वाद आहेत. पण घर चालवणाऱ्या बाईला हा हिशेब समजायला जड जात नाही.

आता मी गंबोरोकडे परत येते. हा रोग विषाणूचा. अमेरिकेतल्या डेलावेअर प्रांतात गंबोरो म्हणून जागा आहे, तिथे तो पहिल्यांदा आढळला आणि १९६२ साली त्याचे वर्णन छापून आले. आपल्या देशात तो १९७१ पासून माहीत आहे, आणि १९९०नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्याची फार जहाल जात पसरली. हा विषाणू थैलीत तयार होत असलेल्या बी पेशी खातो. म्हणून तीन ते सहा आठवड्यांची पिल्ले, ज्यांची तालीम ऐन भरात असते, तीच त्याला सर्वांत जास्त बळी पडतात. ज्या कोंबड्याची थैली आटून गेली, त्याच्यात विषाणूला खायला काही उरत नाही. म्हणून माझा अंगणातला कोंबडा आरवत फिरत होता आणि आत पिल्ले मरत होती.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पिल्लाला आईने अंड्याच्या बलकातून दिलेली प्रतिपिंडे राखतात. ती शिदोरी रोज थोडी थोडी संपते. फार लवकर लस दिली तर आईची प्रतिपिंडेच लसीला मारतात. उशीर केला तर शिदोरी संपलेली आणि लसीचा आधार उभा राहिलेला नाही, अशी उघडी फट पडते. माझ्या पिल्लांच्या आयुष्यात ती फट माझ्यामुळे पडली.

पण खरा फटका पुढेच होता. उरलेली दोनशे सोळा पिल्ले सावरली. अंगाने भरली, दाणे खाऊ लागली. मी देवापुढे दिवा लावला. मानमोडीची दुसरी लसही वेळेवर दिली, एक दिवसही चुकू दिला नाही. आणि नवव्या आठवड्यात मानमोडी आली. माना वाकड्या, पंख लुळे, हिरवी विष्ठा. एकशे दहा तलंगा गेल्या. मी डॉक्टरांशी भांडायला निघाले होते, लस खोटी होती म्हणून. त्यांनी शांतपणे सांगितले, "लस खरी होती, वहिनी. लस म्हणजे वस्तादाने दाखवलेला डाव. पण शिकायला तालमीत कोण होतं? तुमच्या पिल्लांची थैली चौथ्या आठवड्यातच जळून गेली होती."

त्या दिवशी मला गोष्ट उमगली. हार्मोन जे काम पाचव्या महिन्यात, शिक्षण पुरे झाल्यावर करते, तेच काम विषाणूने चौथ्या आठवड्यात, शिक्षण अर्धवट असताना केले. थैली आटणे वाईट नाही. ती सगळ्यांचीच आटते. वेळेआधी आटणे वाईट.

लेकीचे ते वर्ष गेले. वसतिगृहाचे पैसे भरता आले नाहीत, कर्जाचे हप्ते मात्र भरावे लागले. ती वर्षभर घरी बसली, माझ्याबरोबर शेड धुतली, चुना मारला. एका शब्दानेही बोलली नाही. मीही तिला कधी सांगितले नाही की लग्नाला गेले नसते तर कदाचित असे झाले नसते. आज या पानावर पहिल्यांदा लिहीत आहे.

त्यानंतर मी जे शिकले ते थोडक्यात सांगते. थैलीला वेळेआधी आटवणारे गंबोरो एकटेच नाही. भीती आणि त्रास यांचेही एक हार्मोन आहे. पक्षी घाबरला, तापला, दाटीत कोंडला गेला, दूरच्या प्रवासात उपाशी राहिला, की ते रक्तात वाढते आणि कोवळी थैली व थायमस दोन्हींना आकसवते. आमच्या जुन्नर-आंबेगावात उसाच्या फडातला बिबट्या रात्री शेडला घासून जातो, कुत्री भुंकत राहतात, आणि सकाळी एकही पिल्लू मेलेले नसते. आपण म्हणतो, काही नुकसान झाले नाही. पण रोज रात्री पिल्ले भेदरून एकमेकांवर चढत असतील तर नुकसान होत असते, ते फक्त दिसत नाही. म्हणून जाळी नुसती मजबूत नको, खालचा हातभर भाग आडोशाने झाकलेला हवा. तसेच बुरशी आलेला मका. शेंगदाण्याची पेंड किंवा मका ओलसर राहिला की त्यात बुरशीचे विष होते, तेही थैलीला खाते. मोठ्या कोंबड्यांना चालतो तो दाणा पिल्लांना चालेलच असे नाही. आम्ही पहिले आठ आठवडे पिल्लांचा दाणा वेगळा, कोरडा ठेवतो.

अंड्याबद्दलही एक नवल सांगते. १९९३ साली श्वाब्ल नावाच्या शास्त्रज्ञांनी कॅनरी नावाच्या छोट्या गाणाऱ्या पक्ष्यांत दाखवले की आई अंड्याच्या बलकात टेस्टोस्टेरॉनही घालते, आणि शेवटी घातलेल्या अंड्यांत ते जास्त असते. शेवटी निघालेले पिल्लू भावंडांत मागे पडू नये म्हणून ही सोय असावी. पण इतर पक्ष्यांवर झालेल्या अभ्यासांत असेही दिसले आहे की अशा बलकामुळे पिल्लू जोमाने वाढते, मात्र काही वेळा त्याची प्रतिकारशक्ती थोडी कमी पडते. आई एका हाताने देते तेव्हा दुसऱ्या हाताने काही काढून घेते. आईच्या नकळत हे होते. माझ्या बाबतीतही तसेच झाले, असे मला कधी कधी वाटते.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. श्रावणात ओतूरला कपर्दिकेश्वराच्या यात्रेला पाहुणे येतात. श्रावण संपला की तेच विचारतात, "तुम्ही कोंबड्यांना हार्मोनची इंजेक्शने देता म्हणे?" मी त्यांना सांगते, मांसाची कोंबडी पाच-सहा आठवड्यांत विकली जाते. तिच्या स्वतःच्या अंगातले हार्मोनही तोवर जागे झालेले नसते. तिची वाढ निवडून केलेल्या पैदाशीची आणि दाण्याची. हजारो पक्ष्यांना धरून रोज सुई टोचणे कोणाला परवडेल? आणि कोणी अडाण्याने लवकर तुरा यावा म्हणून नराचे हार्मोन दिलेच, तर तो स्वतःच्या हाताने पिल्लाची तालीम बंद करील. विचारायचेच असेल तर विनाकारण दिलेल्या प्रतिजैविकांबद्दल विचारा. तो प्रश्न रास्त आहे.

तर वाचकभगिनींनो, तुमच्याकडे दहा पिल्ले असोत की हजार, एवढे करा. पिल्ले आली त्याच दिवशी भिंतीवर कोळशाने तारखा लिहा. मानमोडी कधी, गंबोरो कधी, दुसरी मात्रा कधी, हे आपल्या भागातल्या पशुवैद्यांना विचारून लिहा, कारण आईची शिदोरी किती दिवस पुरेल ते जातीवर आणि तिला दिलेल्या लसीवर ठरते. तुमच्या घरचे लग्न त्या तारखेला आले, तर लग्नाला जा, पण लस द्यायला एक माणूस मागे ठेवा. जुन्या कोंबड्यांच्या शेडमध्ये कोवळी पिल्ले सोडू नका. गंबोरोचा विषाणू रिकाम्या शेडमध्येही महिनोन् महिने टिकतो. आणि एखादे पिल्लू मेले तर पुरण्याआधी शेपटीखाली उघडून पाहायला शिका. सूज किंवा रक्त दिसले तर डॉक्टरांना त्याच दिवशी बोलवा.

लेक पुढच्या वर्षी शिकायला गेली. अंड्यांच्या पैशांवर नव्हे, कांद्याच्या पैशांवर. आज ती आरोग्य उपकेंद्रात परिचारिका आहे आणि लेकरांना लसी टोचते. एखादी आई, "पावण्याकडं गेलो व्हतो, म्हून राहिलं," म्हणाली की ती तिला रागावत नाही. शेजारी बसवते आणि समजावून सांगते. माणसाच्या लेकरालाही छातीत थायमस ग्रंथी असते, बालपणी ती मोठी असते आणि वयात येता येता आकसू लागते, हे मला तिनेच सांगितले. मी विचारले, "मग तुझी कधी आटली?" ती हसून म्हणाली, "तुझ्या कोंबड्या मेल्या तेव्हाच्या सुमाराला, आई."

आता शेड सून बघते. कालच नवी पिल्ले आली. भिंतीवर तारखा मी लिहिल्या. मला डोळ्यांनी नीट दिसत नाही, पण कोळशाची रेघ अजून सरळ येते.